हाकेतला नारायण

गेल्या काही वर्षांत ज्या ज्या बारशांना गेलो, त्यांतल्या एकाही पाळण्यात नारायण नव्हता. आरव होते, विहान होते, शौर्य आणि अद्वैत होते. एका सोसायटीत तर तिसऱ्या मजल्यावर एक रेयांश आणि पाचव्यावर दुसरा रेयांश होता, आणि हे नाव आपणच शोधून काढलं असं दोघांच्याही आयांना मनापासून वाटत होतं. नारायण भेटतात ते साठीच्या पुढचे. बँकेत हयातीचा दाखला द्यायला आलेले, देवस्थानच्या विश्वस्तांच्या पाटीवर रंगवलेले, नाहीतर वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणाच्या चौकटीत. एके काळी आळीत हाक मारली, ‘अहो नारायणराव’, तर दोन-तीन घरांतून माणसं बाहेर यायची.

नवे आईबाप नावाबद्दल पहिला प्रश्न विचारतात तो अर्थाचा. नाव वेगळं हवं, दोन-तीन अक्षरी हवं आणि अर्थ छान हवा. अर्थ मोबाइलवर मिळतो. रेयांशचा अर्थ तिथे ‘सूर्याचा किरण’, ‘विष्णूचा अंश’ असा दिलेला असतो. संस्कृतात सूर्य किंवा किरण या अर्थाचा ‘रेय’ असा शब्द नाही. इंग्रजीतल्या ‘रे’ला कुणीतरी ‘अंश’ चिकटवला असावा, असा माझा कयास आहे. त्यात पाप काही नाही, नावं अशीच जन्माला येतात. पण अर्थाच्या या शोधात एक जुनी गोष्ट हातातून निसटली आहे. आपल्याकडे देवाचं नाव पोराला ठेवायचे ते अर्थासाठी फारसं नाहीच. ते हाक मारण्यासाठी. दिवसातून पन्नास वेळा पोराला बोलवायचं आहे, रागवायचं आहे, जेवायला ये म्हणायचं आहे, तर त्या निमित्तानं तोंडात देव येऊ दे, एवढा साधा हिशेब. नारायण हे नाव त्या हिशेबाचं सर्वांत जुनं आणि सर्वांत धीट उदाहरण आहे, कारण या नावाला थेट पुराणातला दाखला आहे.

तो दाखला अजामिळाचा. भागवताच्या सहाव्या स्कंधात ही कथा येते आणि कीर्तनात ती न ऐकलेला मराठी माणूस विरळा. कान्यकुब्ज नगरातला हा ब्राह्मण. चांगला शिकलेला, आईबापांची सेवा करणारा, घरी लग्नाची बायको. एकदा रानातून समिधा आणताना त्याने एका दासीला पाहिलं आणि सगळं सोडून तिच्याबरोबर संसार मांडला. त्या संसारासाठी जुगार, लबाडी, चोरी, जे लागेल ते केलं. तिच्यापासून दहा मुलगे झाले. सर्वांत धाकटा नारायण. अजामिळ अठ्ठ्याऐंशी वर्षांचा झाला तरी हे शेंडेफळ लहानच होतं, बोबडं बोलत होतं. म्हातारा त्याला घेऊन जेवायचा, त्याला घेऊन प्यायचा. मरणवेळी यमाचे दूत पाश घेऊन समोर उभे राहिले तेव्हा पोरगं कुठेतरी लांब खेळत होतं. घाबरलेल्या बापाने त्याला जिवाच्या आकांताने हाक मारली आणि विष्णूचे दूत धावत आले.

पुढचा भाग म्हणजे दोन्ही दूतांमधला खडाजंगी वाद आहे. यमदूतांचं म्हणणं कायदेशीर: या माणसाने पोराला बोलावलं, देवाला नाही. विष्णुदूतांचं उत्तर असं की, नाव दुसऱ्या कुणाला उद्देशून घेतलं, थट्टेत घेतलं, गाण्याच्या भरीला घेतलं किंवा अगदी हेटाळणीत घेतलं, तरी ते आपलं काम करतं. औषधाचा गुण ठाऊक नसलेल्यानेही ते पोटात घेतलं तर गुण यायचा तो येतोच. शेवटी प्रकरण खुद्द यमाकडे जातं आणि यम आपल्या दूतांनाच समज देतो.

कीर्तनात कथा बहुधा इथे संपते, पण भागवतात ती संपत नाही. अजामिळ त्या क्षणी मरत नाही. तो उठून बसतो, आपण काय आयुष्य काढलं याची त्याला लाज वाटते, घरदार सोडून तो गंगाद्वारी, म्हणजे आजच्या हरिद्वारला जातो आणि तिथे साधना करून मग देह ठेवतो. म्हणजे हाकेने त्याला मिळाली ती मुदतवाढ. पुढचं त्याचं त्याने केलं. ‘शेवटी एकदा नारायण म्हटलं की झालं’ असा सोयीचा अर्थ काढणाऱ्यांनी हा अध्याय पुरता वाचलेला नसतो.

मला या कथेत आणखी एक गोष्ट खटकत आली आहे. त्या पोराच्या आईचं काय झालं? धाकटा दोघांचाही लाडका होता, असं भागवतच सांगतं. मग त्याला दिवसभर हाका कोण मारत असेल? अठ्ठ्याऐंशी वर्षांचा म्हातारा थोडाच पोरामागे धावणार! नारायण, पाण्यात जाऊ नको. नारायण, भात गार होतो. नामाचा जो न्याय विष्णुदूत सांगतात तो सरळ लावला तर त्या घरात सर्वांत मोठा साठा तिच्या खात्यावर असायला हवा. ग्रंथ तिच्याबद्दल वाईटसाईट भरपूर बोलतो, तिची गती मात्र सांगत नाही. तिचं नावसुद्धा सांगत नाही.

आता शास्त्राकडे. नामकरण हा सोळा संस्कारांतला एक. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाच्या नावासाठी नियम आहेत: ते दोन किंवा चार अक्षरांचं असावं, सुरुवात घोष व्यंजनाने व्हावी, मध्ये य, र, ल, व यांतलं काही यावं, शेवटी दीर्घ स्वर किंवा विसर्ग असावा, आणि नाव कृदन्त असावं, तद्धित नसावं. मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त. पतंजलीने महाभाष्याच्या अगदी पहिल्या आह्निकात व्याकरण का शिकावं याची कारणं देताना एक कारण हेही दिलं आहे की, व्याकरण आल्याशिवाय पोराचं नाव धड ठेवता येणार नाही. या चाळणीतून नारायण घालून बघा. अक्षरं चार, ठीक. पहिला ‘न’ घोष, ठीक. मध्ये ‘र’ आणि ‘य’ दोन्ही, उत्तम. शेवटी विसर्ग. आणि इथवर पैकीच्या पैकी गुण मिळवत आलेला नारायण शेवटच्या अटीला अडखळतो, कारण एका व्युत्पत्तीने तो ‘नराचा वंशज’ असा तद्धितच ठरतो, कात्यायन-दाक्षायणाच्या पंगतीतला. विष्णूला स्वतःचं नाव सूत्राप्रमाणे ठेवता आलं नाही म्हणायचं!

दुसरी व्युत्पत्ती जास्त प्रसिद्ध आहे. ‘नारा’ म्हणजे पाणी, ‘अयन’ म्हणजे आश्रय. पाणी हे ज्याचं पहिलं राहण्याचं ठिकाण तो नारायण. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात आणि महाभारतातही ती आहे. वैष्णव आचार्य याच शब्दाचा आणखी एक अर्थ लावतात: सर्व जीवांचं अंतिम ठिकाण. विष्णुसहस्रनामात हे नाव 245व्या क्रमांकावर येतं आणि त्याला लागूनच 246वं नाव आहे ते ‘नर’. संध्येतल्या चोवीस नावांत केशवानंतर दुसरा मान याचाच. केशव, नारायण, माधव म्हणत आचमन करायचं, गोविंदाला पाणी सोडायचं. ज्या घरात रोज संध्या होती तिथे भावांची नावं याच क्रमाने ठेवलेली आढळतात. बापाला आणखी विचार करावा लागत नसे.

मनुस्मृतीचा उल्लेख झाला तर तिचा दुसरा अध्यायही सांगितला पाहिजे. तिथे नावांचे नियम वर्णाप्रमाणे दिले आहेत. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं निंदाव्यंजक असावं. जन्मून बारा दिवस झालेल्या पोराच्या कपाळी आयुष्यभराचा अपमान गोंदण्याची ही सोय. नावांच्या अर्थाबद्दल भाविक पुस्तकं छापणारे या श्लोकाला हळूच वळसा घालून पुढे जातात. महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा त्या आगीत जे जळत होतं त्यात हाही श्लोक होता. 1956च्या धर्मांतरानंतर वस्त्यावस्त्यांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, यशोधरा ही नावं पाळण्यात आली, तीही त्याच श्लोकाला दिलेलं उत्तर होती.

प्रत्यक्षात मात्र हा नियम वारकऱ्यांनी फार आधीच गुंडाळून ठेवलेला दिसतो. देहूच्या तुकोबांच्या घरातली नावं बघा. मुलगे महादेव, विठोबा आणि नारायण. मुली काशी, भागीरथी आणि गंगा. घरात अन्नाची ददात, पण पोरांना जेवायला हाक मारली की हरी, हर आणि सगळी तीर्थं ओट्यावर गोळा होत असणार. यातला नारायण तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर जन्मला असं परंपरा सांगते. बापाने ज्याला एकदाही हाक मारली नाही असा हा नारायण. पुढे याच नारायणबाबांनी 1685च्या सुमारास तुकोबांच्या पादुका पालखीत घालून, आळंदीहून ज्ञानदेवांच्या पादुका घेऊन पंढरीची वाट धरली आणि ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा जोडगजर दिंडीत आला. आजच्या पालखी सोहळ्याचं मूळ तिथे आहे.

ज्ञानदेवांच्या घरचा प्रकार अगदी निराळा. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. संन्यास घेऊन परत संसारात आलेल्या, गावाने वाळीत टाकलेल्या विठ्ठलपंतांनी ही चार नावं ठेवली. विषयांतून मागे फिरणं, मग ज्ञान, मग जिना, मग मोक्ष. अर्थ बघून ठेवलेल्या नावांचं मराठीतलं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून अर्थ बघणाऱ्या आजच्या आईबापांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. फक्त विठ्ठलपंत अर्थ जगून दमले होते, त्यांना तो शोधावा लागला नव्हता.

जांबच्या सूर्याजीपंत ठोसरांचा धाकटा मुलगाही नारायणच. 1608मध्ये रामनवमीला जन्मलेला. बोहल्यावर ‘सावधान’ ऐकून पळाला आणि पुढे रामदास झाला. एका देवाचं नाव टाकून दुसऱ्या देवाचा दास व्हायचं, हे वैराग्यातलंही एक बारसंच.

आणि एक नारायण असा की ज्याची स्वतःची हाक कुणी ऐकली नाही. 30 ऑगस्ट 1773, शनिवारवाडा, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून. ‘काका, मला वाचवा’ ही हाक लोककथेतली असेल, पण पुण्यात ती अजून सांगतात. नाव तारतं या सिद्धांताला महाराष्ट्राच्या इतिहासाने दिलेलं हे सगळ्यात कडू उत्तर. हाक मारणारा नारायण, समोर चुलता रघुनाथ, म्हणजे तेही देवाचंच नाव.

बारशाचा विधी ज्या रूपात आपल्याकडे चालतो त्यावर ‘धर्मसिंधु’ची छाप आहे. काशीनाथ उपाध्यायांनी हा ग्रंथ 1790च्या सुमारास पंढरपुरात लिहिला. शास्त्राप्रमाणे बाळाला एक नाव नसतं, चार असतात: कुलदेवतेवरून एक, महिन्यावरून एक, नक्षत्रावरून एक आणि व्यवहाराचं एक. गुरुजी ताम्हनात किंवा ताटात तांदूळ पसरतात आणि बाप सोन्याच्या अंगठीने त्यावर ही नावं लिहितो. महिन्याची नावं ठरलेली आहेत. मार्गशीर्षापासून मोजलं तर कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरी, योगीश आणि कार्तिकाला पुंडरीकाक्ष. म्हणजे तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावरचे ते दोन्ही रेयांश विधिपूर्वक कुणीतरी अच्युत किंवा जनार्दन आहेत. आईबापांनी तांदळात ते लिहिलं आणि तांदूळ गोळा झाले तसे विसरून गेले. या बारांत नारायण नाही हे मला जरा चमत्कारिक वाटलं होतं. केशवादी बारा नावांची जी दुसरी यादी वैष्णव मानतात तिच्यात तो पौषाच्या वाट्याला येतो. शुभकार्याला आपण जो महिना टाळतो त्याचा हा धनी. पण पौषातल्या रविवारी घरोघर सूर्यनारायणाची पूजा होते, तेव्हा महिना पुरता पोरका नाही.

नक्षत्राच्या नावाची गंमत आणखी वेगळी. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकी चार चरण, मिळून एकशे आठ अक्षरं. अनुराधेच्या पहिल्या चरणाला ‘ना’ येतं. तिथे जन्मलेल्या पोराला नारायण अगदी चपखल. पण आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ येतो, हस्ताच्या तिसऱ्याला ‘ण’ आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ‘ञ’. या अक्षरांनी सुरू होणारं नाव कुठून आणायचं? गुरुजी जवळचं अक्षर काढून देतात आणि वेळ निभावून नेतात. अश्विनीच्या पहिल्या चरणावर जन्मलेल्यांसाठी ‘चू’ असतो. चूडामणी हे नाव घ्यायला आजवर एकही जोडपं तयार झालेलं नाही, असं एका गुरुजींनी मला हसत सांगितलं. आश्वलायन गृह्यसूत्रात एक नाव तर असं सांगितलं आहे की मुंज होईपर्यंत ते फक्त आईबापांनाच ठाऊक असावं. जे पुढे गुरूला वंदन करताना उच्चारायचं, ते तोवर झाकून ठेवायचं.

हा झाला भटजींचा भाग. खरं बारसं नंतर बायकांच्या हातात जातं. आधी वरवंट्याला सजवून पाळण्यात घालतात, मग बाळ पाळण्याच्या वरून-खालून या हातातून त्या हातात जातं आणि देणारी-घेणारी त्याला गोविंद म्हणते, गोपाळ म्हणते, केशव, माधव म्हणते. बाळाचं नाव पुढे काहीही पडो, ते पाळण्यात निजण्याआधी विष्णूच्या नावांनी त्याला हाका मारून झालेल्या असतात. मग आत्या कानाशी वाकते, कुर्र करते, नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. घुगऱ्या वाटल्या जातात. तांदळात लिहिलेलं नाव डोळ्यांसाठी, हे कानासाठी. आत्येला अक्षरओळख नसली तरी चालत होतं.

नाव जर हाक मारण्यासाठी, तर हाक कोण मारू शकतं हाही प्रश्न आलाच. आमच्या आजीच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेणं निषिद्ध. नवरा नारायण असेल तर बाईची पंचाईत दुहेरी व्हायची: पोथीत नारायण आला की ‘ह्यांचं नाव’ म्हणून पुढे सरकायचं, सत्यनारायणाला नुसतं ‘पूजा’ म्हणायचं. नाव घ्यायची परवानगी फक्त उखाण्यात, तीही चारचौघींनी आग्रह केल्यावर, मान खाली घालून. देवाचं नाव घरात आणलं, ते मोठ्याने म्हणावं असा ग्रंथांनी घोष केला, आणि घरातली जी बाई त्या माणसासाठी सगळ्यात जास्त खपत होती तिच्या तोंडावर मात्र बोट ठेवलं. अजामिळाच्या पोराच्या आईपासून चालत आलेला हा न्याय.

वर तिचं स्वतःचं नाव लग्नात बदललं जायचं. तेच ताट, तेच तांदूळ, तीच अंगठी. नवरा नारायण असला की बायकोची लक्ष्मी करायची, म्हणजे लक्ष्मी-नारायणाचा जोडा पुरा. जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका अशीच लक्ष्मी झाली. तिचा नवरा नारायण वामन टिळक. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, नाव बदललं नाही. येशूची गाणी लिहिणारा हा कवी मरेपर्यंत विष्णूचं नाव लावून वावरला आणि त्यात त्याला विसंगती वाटली नाही; देशी अभंग, देशी कीर्तन, देशी भजन ख्रिस्ताच्या पायी न्यायचं हा त्याचा ध्यासच होता, नाव त्यातलंच. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली तेव्हा त्यात नवऱ्याला त्या ‘टिळक’ म्हणतात. सगळं पुस्तक त्या माणसाने भरलेलं आहे, पण हाक आडनावाला.

नारायण सुर्व्यांच्या घरीही हेच. कृष्णाबाईंच्या आत्मकथनाचं नाव ‘मास्तरांची सावली’. नवरा कवी, नवरा कॉम्रेड, पण बायकोसाठी ‘मास्तर’.

सुर्व्यांपाशी मात्र थांबायला हवं. 1926च्या सुमाराला मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेलं एक तान्हं पोर गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचललं, घरी आणलं आणि काशीबाईच्या ओटीत घातलं. जन्मतारीख, जात, आईबाप, नक्षत्र, यांतलं काहीही ठाऊक नाही. नक्षत्र-चरणांच्या अवकहडा चक्रातून अक्षर काढायला जन्मवेळच माहीत नाही. तीन पुरुषांपर्यंतच्या पूर्वजांचं नाव ठेवावं असं पतंजलीच्या वेळचे याज्ञिक सांगत, तर इथे एक पुरुषही नाही. अशा पोराला गंगारामने नाव दिलं नारायण, आणि आपलं आडनाव. गंगाराम, काशीबाई, नारायण: देहूच्या घरातल्या नावांची हीच माळ परळच्या चाळीत उतरलेली. पुढे गंगाराम निवृत्त होऊन कोकणात गेला आणि पोरगं पुन्हा फुटपाथवर आलं. हमाली, हॉटेलातली कामं, गिरणीतली, मग शाळेतली शिपायाची नोकरी, मग शिक्षक. 1962मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’, 1966मध्ये ‘माझे विद्यापीठ’, 1995मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. ईश्वराबद्दल त्यांचं मत काय होतं ते त्यांच्या कवितांच्या वाचकांना माहीत आहे. पण गंगारामच्या निवडीत मला शास्त्रापेक्षा मोठं काही दिसतं. ज्याचा कुणी नाही त्याला सगळ्यांच्या ओळखीचं नाव द्यायचं, म्हणजे हाक मारणाऱ्याला अडखळायला होणार नाही.

चाळीत त्या वेळी आणखीही नारायण होते, आणि त्यांच्याआधी एक मोठा होऊन गेला होता. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, जोतीरावांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. 1884मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि 1890च्या जूनपासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामगाराला कुलधर्म करायला मिळाला पाहिजे, हाही त्यांच्या मागणीतला एक मुद्दा होता.

मात्र नारायणाने जाती ओलांडल्या असं म्हणून हुरळून जायचं कारण नाही. नाव एक होतं, हाका वेगवेगळ्या होत्या. वाड्यात नारायणराव किंवा नाना, पेठेत नारायणशेठ, मळ्यात नारबा आणि ओसरीखाली उभं राहणाऱ्या माणसाला नाऱ्या. मनूला शूद्राचं नाव हलकं हवं होतं. लोकांनी देवाचं नाव चालवून घेतलं आणि हलकेपणा प्रत्ययात भरला. खेड्यात कुणाला कोणत्या रूपात हाक मारली जाई हे ऐकलं की त्याची जात आणि जमीन न विचारता कळत असे.

हाकेत विष भरायचे प्रकार आणखीही होते. आधीची मुलं गेली असतील तर पुढच्याला धोंडू, दगडू, केरू, भिकू म्हणायचं, म्हणजे मृत्यूची नजर पडणार नाही. यात निदान माया होती. पण मुलीवर मुली झाल्या की शेवटचीला नकुशी म्हणायचं, यात माया कुठून आणणार? 2011च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात सरकारी पुढाकाराने अडीचशेहून अधिक नकुशींना एका समारंभात नवी नावं देण्यात आली. त्यांतल्या कित्येक तोवर शाळकरी झाल्या होत्या, काही तर मोठ्या. नामस्मरणाचा सिद्धांत खरा मानायचा तर त्याची उलट बाजूही खरी मानली पाहिजे: रोज पन्नास वेळा ‘नको’ हा जप ज्या पोरीच्या कानावर पडला, त्याचा हिशेब कोण ठेवणार होतं?

पुलंच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’त लग्नघरातला जो नारायण आहे, तो या सगळ्या पार्श्वभूमीवर मला पुन्हा वाचावासा वाटला. दागिने, पातळं, मुंडावळ्या, वऱ्हाडाची गाडी, सगळ्यांसाठी एकच हाक. अख्खं लग्नघर दिवसभर नारायणाचा जप करतं आणि एकालाही आपण तो करतोय हे ठाऊक नसतं. विष्णुदूतांनी सांगितलेल्या यादीतला हा शुद्ध नमुना: दुसऱ्या कुणाला उद्देशून घेतलेलं नाव. रामदास लग्नमंडपातून पळालेला नारायण, तर हा मंडपातून बाहेर न पडणारा. पुलंनी मुद्दाम हे नाव निवडलं की ते त्या काळी सहज हाताशी होतं, कोण जाणे. आज कुणी ते व्यक्तिचित्र लिहायला घेतलं तर त्या धावपळ्या माणसाला काय म्हणेल? विहान म्हणून चालणार नाही. त्या नावाने अजून कुणी कामं सांगितलेली नाहीत.

नवी नावं हाकेला जड जातात, ही तक्रार मी आज्यांकडून ऐकली. परदेशी वाटणारा कियान, मधल्या ‘य’वर जीभ घसरणारा रेयांश. मग घरात बाळ्या, सोन्या, पिल्लू, चिकू चालतं आणि ठेवलेलं नाव फक्त शाळेच्या डायरीत राहतं. अंकशास्त्रवाल्याने रोमन लिपीत एक ‘ए’ वाढवून दिलेला असतो, तोही कानाला ऐकू येत नाही. आता बारशाच्या निमंत्रणपत्रिकेवर नावाखाली कंसात अर्थ छापायची पद्धत पडली आहे. नारायणाला कंस लागला नसता.

नाव नोंदवण्याची घाई मात्र कायद्यालाही नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969च्या कायद्याप्रमाणे जन्म एकवीस दिवसांत कळवायचा असतो, पण नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. बारा महिन्यांत नाव दिलं तर शुल्क नाही. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. म्हणजे सूत्रकारांनी दहा-बारा दिवस दिले होते, सरकार पंधरा वर्षं देतं. तोवर दाखल्यावर आईबापांची नावं असतात, पोराचं नसतं.

आणि 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्रात आणखी एक बदल झाला आहे. सरकारी कागदपत्रांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असा क्रम सक्तीचा झाला. उद्या एखाद्या जोडप्याने आजोबांच्या आठवणीने किंवा निव्वळ हौसेने पोराचं नाव नारायण ठेवलंच, तर रकान्यात नारायणाला लागून आईचं नाव येईल, बापाचं त्यानंतर. अजामिळाच्या घरची ती बाई या नियमात बसली असती, तर भागवतकारांना तिचं नाव विचारावं लागलं असतं.